शाळेच्या रस्त्याला आणि बालाघाटाच्या वाटेला एकच सायकल: कशी निवडावी

माउंटन बाइक घ्यायला दुकानात जाण्याआधी घरी बसून आपला रस्ता कागदावर लिहून काढा. रोज किती किलोमीटर जाता, त्यात डांबर किती, मुरूम किती, काळी माती किती, चढ कुठे लागतो, सोबत ओझं काय असतं, परत येताना उजेड असतो का. त्याखाली सुट्टीच्या दिवशी कुठे जाता तेही लिहा. हा कागद हातात असला की दुकानदार काय दाखवतो यापेक्षा आपल्याला काय हवं यावर बोलणं होतं.

माझा कागद सांगते. अंबाजोगाईहून माझी जिल्हा परिषदेची शाळा बारा किलोमीटर. फाट्यापर्यंत डांबरी, फाट्यापासून मुरूम, आणि शेवटचा तुकडा पांदणीचा, पावसाळ्यात निव्वळ चिखल. कॅरिअरवर वह्यांचा गठ्ठा, डबा आणि पाणी. रविवारी मुकुंदराजांच्या समाधीकडची उतरण, बुट्टेनाथाच्या दरीकडच्या गुरवाटा, कधी धारूरच्या बाजूचा घाट. दोन सायकली घेण्याइतके पैसे नाहीत आणि घरात जागाही नाही. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे: सायकलीत जे नंतर बदलता येत नाही किंवा बदलणं फार महाग पडतं, त्यावर आधी पैसा घाला. फ्रेम, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हब (चाकाच्या मधला तुंबा) आणि ब्रेक ही ती चार ठिकाणं. टायर, सीट, पेडल, हँडलची पकड, मडगार्ड हे सगळं हळूहळू, पगार होईल तसं बदलता येतं. दुकानात नेमकं उलटं होतं. रंग, स्टिकर आणि जाडजूड टायर डोळ्यात भरतात, आणि मागच्या चाकाचा हब कोणता हे कुणी विचारत नाही.

फुल सस्पेन्शनचा, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के खाणाऱ्या सायकलीचा, विषय एका परिच्छेदात संपवते. रोज कामाला जायचं असेल तर घेऊ नका. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बेअरिंग असतात, आपल्या धुळीत ती लवकर खराब होतात. साधं कॅरिअर नीट बसत नाही. आणि त्याच किमतीत हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, कितीतरी चांगल्या भागांची मिळते. बालाघाटातल्या वाटांना पुढे १०० ते १२० मिलिमीटरचा झोळा, म्हणजे फोर्क दबण्याची लांबी, पुरेसा होतो.

फ्रेमचा साइज सगळ्यात आधी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये वर घट्ट धरा आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ही झाली पायाच्या आतली उंची. सायकलीच्या आडव्या नळीवर पाय टाकून उभं राहिलं की नळी आणि शरीर यांच्यात निदान दोन इंच मोकळे राहिले पाहिजेत, खडकाळ वाटेवर अचानक उतरावं लागतं तेव्हा ते लागतात. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला स्मॉल साइज बसतो. "मीडियम घ्या, सीट खाली करू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सीट खाली येते, पण हँडलपर्यंतचं अंतर कमी होत नाही आणि मग रोज खांदे दुखतात. आपल्या साइजची सायकल दुकानात नसेल तर मागवायला सांगा, आठवडा थांबा.

त्याच वेळी फ्रेमच्या मागच्या बाजूला वाकून बघा. कॅरिअर बसवायला मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली आटे पाडलेली भोकं आहेत का? स्टँडसाठी जागा? बाटलीसाठी निदान एक जोड? ती भोकं नसलेली फ्रेम कितीही हलकी असली तरी कामाची नाही, कारण क्लॅम्पने बसवलेलं कॅरिअर मुरमावर हळूहळू सरकत खाली येतं. मागच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दाबणारा चिमटा) मागच्या दोन नळ्यांच्या आत बसलेला असेल तर कॅरिअरचा पाय सरळ खाली उतरतो. बाहेर असेल तर डिस्क ब्रेकसाठीचं वेगळं कॅरिअर शोधावं लागतं.

आता फोर्क. स्वस्त सायकलींत स्प्रिंगचा फोर्क येतो, त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास जातं. त्याची स्प्रिंग साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा अंदाज धरून बसवलेली असते. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला किंवा कॉलेजच्या पोराला ती दबतच नाही, सगळे धक्के मनगटात येतात. वरचं गोल बटण फिरवून ती मऊ होईल असं सांगतात, पण ते बटण फक्त स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब कमी-जास्त करतं. स्प्रिंग तीच राहते. हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे छोट्या पंपाने हवा भरता येते. तपासायची रीत सोपी आहे: फोर्कच्या चकचकीत नळीला रबरी कडं नसेल तर पातळ केबल टाय बांधा, रोजच्या ओझ्यासह अलगद सायकलवर बसा, अलगद उतरा, टाय किती सरकला ते मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला वीस ते पंचवीस मिलिमीटर सरकला की बरोबर.

लॉकआउट, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करणारी खिट्टी, मात्र कोणत्याही फोर्कला हवंच. डांबरी रस्त्यावर पेडल मारताना फोर्क खालीवर होत राहिला तर ताकद वाया जाते. लॉक केला की सायकल सरळ पळते. फाट्यावर मुरूम लागला की एका हाताने उघडायचा.

हवेचा फोर्क बजेटात बसत नसेल आणि तुमच्या कागदावर तीन भाग डांबर, एक भाग वाट असा हिशेब असेल, तर माझं मत अनेकांना पटणार नाही, पण सांगते: हलक्या प्रतीचा जड स्प्रिंग फोर्क घेण्यापेक्षा साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क आणि सव्वादोन इंची टायर घ्या. कमी हवेचा रुंद टायर पुष्कळ धक्के खातो, सायकल हलकी होते आणि बिघडणारा एक भाग कमी होतो.

चाकांच्या बाबतीत २९ की २७.५ यावर लोक तासन् तास वाद घालतात. २९ इंची चाक दगडावरून सहज जातं, वेग धरून ठेवतं. कमी उंचीच्या माणसाला त्याची सायकल वळवताना लांबट वाटते, म्हणून बऱ्याच कंपन्या लहान साइजला २७.५ चं चाकच देतात. तुमच्या साइजला जे येतं ते घ्या. एवढं लक्षात ठेवा की २९ चं रिम आणि ७००सी चं, म्हणजे रस्त्याच्या सायकलीचं, रिम यांचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. त्यामुळे पुढे कधी रस्त्याचे अरुंद टायर घालावेसे वाटले तर २९ वाल्याला निवड जास्त मिळते, फक्त टायरची रुंदी आपल्या रिमला चालते ना ते बघायचं. २७.५ चा व्यास ५८४ आणि जुन्या २६ चा ५५९.

आमच्या बसस्टँडजवळचे पंक्चरवाले चाचा नवी सायकल दिसली की पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, व्हॉल्व कोणता हाय?" त्यांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर कुठल्याही गावात, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक फ्रेंच व्हॉल्व असेल तर त्यावर बसणारं पितळी टोपण कायम जवळ ठेवावं लागतं. रिमचं भोक जाड व्हॉल्वचं आहे का ते घेतानाच पाहा. पंपावरच्या हवेचा जोर मोठा असतो, तेव्हा थांबत थांबत भरा आणि टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी २६ ची ट्यूब सहज मिळते, २७.५ आणि २९ ची मिळेलच असं नाही. दोन ट्यूब घरात हव्यातच.

मागच्या हबचं सांगायचं राहिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. मागच्या गिअरचा गुच्छ दोन प्रकारे बसतो. जुन्या पद्धतीत तो आख्खा हबवर आट्यांनी फिरवून बसवतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं, एक्सलचं टोक आधाराशिवाय लांब उरतं, आणि ओझं घेऊन खड्ड्यातून गेलं की एक्सल वाकतो. दुसऱ्या पद्धतीत हबवरच फ्रीहब असतो आणि त्यावर कॅसेट सरकवून बसवतात. बेअरिंग कडेला येतं, एक्सल टिकतो. सात गिअरच्या स्वस्त सायकलीत बहुधा फ्रीव्हील असतं. ओझं घेऊन रोज जायचं तर "कॅसेट आहे की फ्रीव्हील?" एवढं विचारा आणि कॅसेटवालीच घ्या.

गिअर किती हवेत? पुढे एकच चकती आणि मागे नऊ ते बारा, ही जोडी मला आपल्या भागासाठी सर्वांत योग्य वाटते. पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही, म्हणजे चिखल अडकायची एक जागा कमी. वेग कमी पडेल ही भीती हिशेबाने घालवते. पुढे ३२ दाते, मागे सर्वांत लहान ११, चाक २७.५ चं. पेडल मिनिटाला ऐंशी फेऱ्या फिरलं तर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. शाळेला जायला याहून जास्त लागत नाही. मागे सर्वांत मोठी चकती ४६ दात्यांची असेल तर मिनिटाला साठ फेऱ्यांत ताशी साडेपाच किलोमीटरने चढ चढता येतो, म्हणजे घाटातही उतरून ढकलायची वेळ क्वचित येते. पुढे दोन चकत्या असलेली चांगली सायकल स्वस्तात मिळत असेल तर तीही चालेल. शिमानो कंपनीचे अल्टस, असेरा, अलिव्हिओ हे गिअरच्या भागांचे गट जुन्या सायकलींवर दिसतील. २०२३ पासून त्यांच्या जागी क्यूज हा नवा गट आला आहे. भाग घेताना जुना-नवा मिसळू नका, दुकानदाराला जुळतं का ते नीट विचारा.

ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, घ्या. तारेच्या डिस्क ब्रेकची तार कुठेही मिळते हे खरं, पण उतारावर कॅरिअरचं ओझं मागून ढकलत असताना एका बोटाने थांबता येणं वेगळंच. लिव्हर हाताच्या मापाप्रमाणे जवळ घेता येतो का पाहा, बायकांच्या आणि मुलांच्या हाताला ते लागतं. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं की आतली रबरं खराब होतात, म्हणून सर्व्हिसिंगला देताना स्वतः सांगा. पॅडचा एक जोड आधीच घेऊन ठेवा, चिखलात ते लवकर झिजतात. चाक काढून ठेवलं असेल तर मुलांना लिव्हर दाबू देऊ नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. आणि साखळीला तेल देताना एक थेंबही डिस्कवर उडू देऊ नका.

आता टायर. मराठवाड्यात सायकल चालवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. सराटे, बाभळीचे काटे, वेडी बाभूळ, बोरी, आणि सोयाबीन-तूर काढल्यावर शेताच्या कडेला उभी राहिलेली धसकटं. दिवाळीनंतरच्या वाटांवर तर सराट्यांचा सडाच असतो. म्हणून सायकल घेताना रिम ट्यूबलेस होण्याजोगं आहे का ते विचारा. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत दुधासारखं सीलंट फिरत राहतं. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येतं आणि घट्ट होऊन भोक बुजवतं. एका टायरला साधारण शंभर मिलिलिटर लागतं. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी भर घालावी लागते, एप्रिल-मेमध्ये महिन्याला बघावं. ट्यूबलेस नको असेल तर व्हॉल्वची गाभ्याची पिन निघणारी ट्यूब घ्या आणि तिच्यातच सीलंट भरा. पुष्कळ काम होतं.

ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं तुटलेलं टोक बोटाला लागत नाही, पण कापूस त्यात अडकतो. टोक तसंच राहिलं तर नवी ट्यूब घरी पोचेपर्यंत टिकत नाही.

टायरची नक्षी दोन्हीकडे सारखी असावी असा नियम नाही. पुढे मोठ्या गुठळ्यांचा, मागे मधोमध बारीक दाट नक्षी आणि कडेला गुठळ्या असलेला, अशी जोडी लावा. वळणावर घसरू न देण्याचं काम पुढच्या टायरचं, आणि तुमचं निम्म्याहून जास्त वजन येतं मागच्यावर. तो गुळगुळीत असला की डांबरावर सायकल हलकी पळते. श्वाल्बेचा स्मार्ट सॅम, कॉन्टिनेंटलचा रेस किंग हे मागे लावायला चांगले. रुंदी २.१ ते २.२५. हवा मी ट्रेलवर पुढे चोवीस, मागे अठ्ठावीस पीएसआय ठेवते, वह्या घेऊन डांबरावर जाताना अडतीस-चाळीस. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. हवेचं हे कमी-जास्त करणं फुकट आहे आणि सायकलीचा स्वभाव त्याने जेवढा बदलतो तेवढा कशानेच बदलत नाही. हवा मोजणारा छोटा पंप मात्र स्वतःचा असावा.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या सल्ल्यांत ती नसतेच. पेरणीच्या पावसानंतर पांदणीतली माती टायरला अशी चिकटते की पाच-दहा फेऱ्यांत चाक फोर्कमध्ये अडकून थांबतं. इथे गुठळ्यांचा टायर घेऊन फायदा नाही, मोकळी जागा लागते. २.४ इंची टायर मावेल अशी फ्रेम घ्या आणि तिच्यात २.१ चा टायर घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना माती निघून जायला वाट राहते. टायर आणि फ्रेम यांच्यात बोट सहज जातं का हे दुकानातच बघा. चाकाला चिकटून बसणारे लांब मडगार्ड आपल्याकडे चालत नाहीत, माती कोंबली जाते. उंचावर बसणारे, हाताने काढता येणारे घ्या. त्यातूनही माती धरली तर ओढाताण करू नका, मागचा डिरेलर पिळवटून तुटतो. उचला, बांधावरच्या गवतातून न्या, काडीने माती काढा.

डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल पडली की फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची करतात. प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा. तो तुटला आणि जवळ नसला तर सायकल कुरिअरची वाट बघत उभी राहते. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.

रोजच्या जाण्याचं सामान थोडक्यात. कॅरिअरवर किती किलो चालतं ते कोरलेलं असतं, ते वाचा. ओझं पाठीवर घेऊ नका, उन्हाळ्यात पाठ भिजून जाते. पंजाबी ड्रेसवर चालवत असाल तर ओढणी कमरेला बांधा आणि सलवारीच्या उजव्या पायाला पट्टी लावा. साखळीच्या चकतीवर प्लॅस्टिकचं कडं बसतं तेही लावून घ्या. ट्रेलसाठी सीट दोन-तीन इंच खाली घ्यावी लागते, म्हणून सीटची खिट्टी हाताने उघडणारी असावी, आणि रोजच्या उंचीवर नळीला चिकटपट्टीची खूण करून ठेवा. महागड्या ड्रॉपर पोस्टचं, म्हणजे चालवतानाच बटणाने खालीवर होणाऱ्या सीटच्या नळीचं, काम निम्मं तरी होतं. पेडल सपाट, खिळे असलेले. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, बदलताना जबरदस्ती करू नका.

लाइटवर कंजुषी नको. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात, त्यांतल्या कितीतरींना मागे लाल दिवा नसतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीच दिसत नाही. मागे स्थिर जळणारा लाल दिवा, फोर्कला आणि कॅरिअरला चमकणारी पट्टी, पुढे निदान चारशे ल्युमेनचा दिवा. हेल्मेट तर हवंच. ट्रॉलीच्या मागे-पुढे घाई करायची नाही, साइडपट्टीवर उतरून थांबायचं. रुंद टायरची सायकल घेतल्याचा हा मोठा फायदा, डांबराची कड सोडताना पडायची भीती राहत नाही.

धुण्यासाठी गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका, जोराचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही. एक तांब्या पाणी, जुना दातांचा ब्रश आणि फडकं एवढ्यात सायकल स्वच्छ होते. साखळीला मोटारसायकलचं ऑइल घातलं की त्यावर धूळ बसून वाळूची पेस्ट तयार होते. कोरड्या दिवसांत ड्राय ल्यूब, पावसात वेट ल्यूब, आणि लावल्यावर वरचं पुसून टाकायचं.

खरेदीला जाताना रोजची पिशवी सोबत न्या. अंबाजोगाईसारख्या गावातून लातूर किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, तेव्हा घाईने उरकू नका. पिशवी लावून चालवा, रस्त्याच्या कडेवरून उतरून बघा, लॉकआउट उघडून आणि बंद करून बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलजवळ खटखट वाटली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, कसलेला नाही. फोर्क उलटा बसवलेल्या नव्या सायकलीसुद्धा दिसतात. पुढच्या डिस्कचा कॅलिपर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे का पाहा, म्हणजे कळतं. बजेटमधला साधारण सहावा भाग हेल्मेट, लाइट, पंप, ट्यूब, कॅरिअर यांसाठी बाजूला ठेवूनच किंमत ठरवा. पैसे कमी पडत असतील तर सायकलीचं नवेपण सोडा, हब आणि ब्रेक सोडू नका. चांगल्या हबची, हायड्रॉलिक ब्रेकची दोन-तीन वर्षं वापरलेली सायकल मी नव्या फ्रीव्हीलवालीपेक्षा केव्हाही घेईन.

महिन्याभराने पहिली सर्व्हिसिंग करून घ्या, नव्या तारा ताणल्या जातात आणि स्पोक सैल पडतात. शक्य असेल तर दिवाळीनंतर खरेदी करा, म्हणजे पेरणीचा चिखल येण्याआधी सायकल हाताखालची होते. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्यायला विसरू नका. सायकल उलटी केली की क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) खालच्या बाजूला तो कोरलेला सापडतो, त्याचा फोटोही काढून ठेवा.